‘सर्व हक्क स्वाधीन’ आणि ‘काही हक्क स्वाधीन’

मराठी पुस्तकाचे मुखपृष्ठ उलटले की आतल्या पानावर, मुद्रक-प्रकाशकांच्या नावांच्या आसपास, ‘सर्व हक्क स्वाधीन’ ही ओळ बहुधा आढळते. नाटकाचे पुस्तक असल्यास तिच्या जोडीला आणखी एक सूचना असते : लेखकाच्या लेखी परवानगीवाचून या नाटकाचा प्रयोग करू नये. ही ओळ आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात कोणते हक्क अभिप्रेत आहेत आणि ते कोणाच्या स्वाधीन आहेत, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. गेल्या सुमारे पाव शतकात मात्र तिच्या शेजारी दुसरी एक ओळ येऊन उभी राहिली आहे : ‘काही हक्क स्वाधीन’. या दुसऱ्या ओळीमागे ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या नावाने ओळखली जाणारी परवान्यांची एक मालिका आहे. एखाद्या ग्रंथाचे परीक्षण करावे तसे या परवान्यांचे गुणदोष पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय वकिलांचा आहे, आपला नव्हे, असे वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या देवस्थानांच्या आश्रयाने आजवर किती वाङ्मय निर्माण झाले याचा हिशेब मनाशी करून पाहावा. उत्सवांच्या स्मरणिका, आरत्यांचे व पदांचे संग्रह, क्षेत्रमाहात्म्ये, जत्रेत रंगलेल्या नाटकांच्या संहिता, भजनी सप्ताहांची ध्वनिमुद्रणे, कीर्तनकारांच्या वह्या! गोव्यात असो, बेळगावच्या सीमाभागात असो, किंवा इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी मंडळींच्या संस्थांत असो, हे वाङ्मय थोड्या प्रतींत निघते, हातोहाती संपते आणि उरलेली प्रत एखाद्या कपाटात ओल आणि वाळवी यांच्या हवाली होते. ते वाचवावे म्हणून आता तरुण मंडळी त्याची छायाचित्रे घेऊन ते संगणकाच्या जाळ्यावर ठेवू लागली आहेत, आणि ठेवताना ‘मुक्त’ हा शब्द उत्साहाने वापरू लागली आहेत. उत्साह स्तुत्य आहे; पण शब्दाचा अर्थ निश्चित नाही.

याविषयी दोन मते वारंवार कानी पडतात. ‘जे देवाचे ते सर्वांचे, त्याला परवाना कसला?’ हे पहिले. ‘एकदा मुक्त म्हटले की कोणीही उचलावे, विकावे, मोडावे’ हे दुसरे. दोन्ही मते परस्परविरुद्ध दिसली तरी त्यांच्यात एक साम्य आहे : मूळ दस्तऐवज वाचण्यापूर्वीच ती बनलेली असतात.

प्रथम कायद्याची भूमी पाहू. भारताचा स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, चालू कायदा १९५७ सालचा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्याचे पहिले वैशिष्ट्य असे की हक्क मिळविण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. कविता कागदावर उतरली की तो हक्क कवीला आपोआप प्राप्त होतो. याचा व्यत्यासही तितकाच महत्त्वाचा आहे. ज्या पुस्तिकेवर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापलेले नाही, तिचेही सर्व हक्क स्वाधीनच असतात. मौन ही परवानगी नव्हे. लेखकाने किंवा त्याच्या वारसाने स्पष्ट शब्दांत मोकळीक दिल्याखेरीज, कायद्यात नमूद केलेल्या थोड्या सवलती सोडता, इतरांनी ते पुनर्मुद्रित करणे हा हक्कभंगच होय.

हा हक्क किती काळ चालतो? लेखकाच्या हयातीत, आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे. ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती. १९९२ साली ती साठ झाली. उदाहरणे घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. शणै गोंयबाब १९४६ साली निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २००७ पासून सर्वांस मोकळे झाले आहे. साने गुरुजी १९५० साली गेले; त्यांची हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके १ जानेवारी २०११ पासून कोणीही छापू शकतो. उलट, मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांत ज्यांनी कविता लिहिली ते बा. भ. बोरकर १९८४ साली निवर्तले. त्यांच्या कवितेवरील हक्क ३१ डिसेंबर २०४४ पर्यंत चालेल. बोरकरांची कविता आपल्या सर्वांच्या ओठी आहे, म्हणून ती सर्वांच्या मालकीची झालेली नाही.

यावरून ‘मुक्त’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी कशा एकत्र कोंबल्या जातात हे ध्यानात येईल. ज्याची मुदत संपली ते वाङ्मय एक. जे वाचावयास पैसे पडत नाहीत ते दुसरे. आणि हक्क जिवंत असूनही हक्कदाराने ठरावीक अटींवर ज्याच्या वापराची मोकळीक सर्वांना दिली ते तिसरे. पहिल्याला परवान्याची गरजच नाही. दुसऱ्याला परवाना असतोच असे नाही. फुकट वाचावयास मिळणारा लेख छापण्याची मुभा त्यातून निष्पन्न होत नाही. मुक्त परवाना म्हणजे केवळ तिसरा प्रकार.

या तिसऱ्या प्रकाराचा जन्म अमेरिकेत झाला. १९८९ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी संगणकाच्या आज्ञावलींसाठी एक सामान्य परवाना तयार केला. त्यातील युक्ती अशी होती : या कृतीवर माझा हक्क आहे, म्हणूनच मी अट घालू शकतो, आणि माझी अट अशी की, मी तुम्हांला जी मोकळीक देतो तीच तुम्ही पुढच्याला द्यावी. पुढे १९९८ साली अमेरिकेच्या काँग्रेसने स्वामित्वहक्काची मुदत आणखी वीस वर्षांनी वाढविली. जुने ग्रंथ संगणकाच्या जाळ्यावर विनामूल्य ठेवणारे एरिक एल्ड्रेड या गृहस्थांनी त्या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले, आणि लॉरेन्स लेसिग या कायद्याच्या प्राध्यापकांनी त्यांची बाजू मांडली. जानेवारी २००३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते आव्हान फेटाळले. परंतु त्यापूर्वीच, २००१ साली, लेसिग, एल्ड्रेड आणि हॅल एबल्सन यांच्या पुढाकाराने क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था स्थापन झाली होती, आणि डिसेंबर २००२ मध्ये तिचे पहिले परवाने प्रसिद्ध झाले होते. सध्याची चौथी आवृत्ती नोव्हेंबर २०१३ ची आहे.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की हे परवाने कायद्याविरुद्धचे बंड आहेत असा समज पसरला आहे, तो खरा नाही. स्वामित्वहक्काचा कायदा उद्या नाहीसा झाला तर हे परवानेही निराधार होतील, कारण त्यांतील प्रत्येक अटीला बळ येते ते हक्कदाराच्या हक्कातूनच. कायद्याने एका माणसाच्या हाती जी किल्ली दिली, तीच वापरून त्याने दार उघडे ठेवावे, एवढाच त्यांचा आशय आहे.

आता परवान्यांच्या रचनेकडे वळू. त्यांत अटी चारच आहेत. त्यांची मराठी नावे सोयीसाठी अशी घेऊ : ‘श्रेय’, म्हणजे कर्त्याचे नाव द्यावे, ‘समवाटप’, म्हणजे फेरफार करून नवी कृती प्रसृत केल्यास तीही त्याच परवान्याखाली द्यावी, ‘अव्यापारी’, म्हणजे व्यापारी लाभासाठी वापर करू नये, आणि ‘अविकार’, म्हणजे बदललेली कृती प्रसृत करू नये. श्रेयाची अट सर्वांत समान आहे. समवाटप आणि अविकार या अटी एकत्र नांदू शकत नाहीत. जेथे बदलच प्रसृत करावयाचा नाही तेथे बदललेल्या कृतीच्या वाटपाचा प्रश्न उरत नाही. त्यामुळे एकूण सहा परवाने सिद्ध होतात. त्यांपैकी केवळ श्रेय आणि श्रेय-समवाटप हे दोनच काटेकोर अर्थाने मुक्त समजले जातात. उरलेल्या चारांत मोकळीक आहे, पण कुंपणही आहे. या सहांहून निराळा, सर्व हक्क शक्य तितके सोडून देणारा एक दस्तऐवज २००९ पासून उपलब्ध आहे. त्याला शून्याचे चिन्ह आहे.

लेखन म्हणून पाहता या परवान्यांचा मोठा गुण त्यांच्या मितभाषित्वात आहे. न्यायालयात उभा राहील असा पूर्ण मसुदा, सामान्य वाचकासाठी त्याचा एका पानाचा सारांश, आणि संगणकाला ओळखता येईल अशी खूण, अशी त्यांची तीनपदरी मांडणी आहे. चार अटींच्या मेळातून सहा पर्याय काढण्यात सूत्रकाराची काटकसर दिसते. पण याच गुणाच्या पोटी दोषही आहे. लोक सारांश वाचतात आणि मसुदा वाचला असे समजतात. कित्येक तर सारांशही वाचीत नाहीत; चिन्ह पाहूनच समाधान मानतात.

मसुद्यातील एका कलमाकडे मात्र आपण विशेष लक्ष दिले पाहिजे. कृतीत बदल केला असल्यास, बदल केला आहे हे नमूद करावे, असे ते कलम सांगते. दिसावयास ही बाब क्षुल्लक आहे. परंतु भक्तिवाङ्मयाच्या वाचकाला तिचे महत्त्व चटकन पटेल.

‘आमची परंपरा पहिल्यापासूनच मुक्त होती, संतांनी कोठे हक्क राखले?’ असे म्हणण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. हे विधान अर्धे खरे आहे. संतांनी शब्दांचे मोल मागितले नाही, हे खरे. पण नाव मागितले. अभंगाच्या अखेरच्या चरणातील नाममुद्रा म्हणजे श्रेयाची अटच होय. फरक एवढाच की ती मुखपृष्ठावर नसून कवितेच्या अंगातच विणलेली आहे. ती वगळली तर चरण मोडतो. श्रेय आणि कृती यांची इतकी घट्ट गाठ कोणत्याही परवान्याला मारता आलेली नाही.

परंतु नाव राहिले म्हणून पाठ राहिला असे झाले नाही. मुखी, टाळकरी आणि लेखक यांच्या हातून जाता जाता शब्द बदलले. नवे अभंग जुन्या मुद्रेखाली शिरले. कोणी काय बदलले याची नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती. तुकारामांच्या गाथेची इंदुप्रकाशाच्या छापखान्यात १८६९ ते १८७३ या काळात दोन खंडांत निघालेली आवृत्ती तयार करताना संपादकांना निरनिराळ्या हस्तलिखितांचा मेळ घालावा लागला, आणि क्षेपक कोणते याचा वाद अजूनही मिटलेला नाही. त्याहून बोलके उदाहरण एकनाथांचे. पाठभेदांनी ज्ञानेश्वरी गढूळ झालेली पाहून त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, तिचे संशोधन केले, आणि अखेरीस, यापुढे कोणी आपली ओवी या ग्रंथात घालील तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल, अशा आशयाची ताकीद देऊन ठेवली. ही अविकाराची अट नव्हे तर काय? ग्रंथ वाचावा, लिहून घ्यावा, घरोघर न्यावा. पण त्यात आपली भर घालून तो मूळचा म्हणून देऊ नये.

तेव्हा आपल्या परंपरेने मोकळीक ओळखली, श्रेय ओळखले आणि पाठाची शुद्धीही ओळखली. तिच्यापाशी नव्हते ते एवढेच : ‘हा बदल माझा’ असे सांगण्याची सक्ती. मुक्त परवान्याने ती आणली आहे. जो आरतीसंग्रह आज या अटीखाली प्रसृत होईल, त्याच्या पाठाचा इतिहास पन्नास वर्षांनंतरच्या संपादकाला उलगडणे सोपे जाईल. माझ्या मते परवान्याचा हाच गुण आपल्या दृष्टीने सर्वश्रेष्ठ आहे, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

परवान्याचे व्यवहारातील फळ पाहावयाचे असल्यास दूर जाण्याचे कारण नाही. गोवा विद्यापीठाने चार खंडांचा कोंकणी विश्वकोश सिद्ध केला. तो कित्येक वर्षे ग्रंथालयांच्या फळीवर होता. ज्याला पणजी-ताळगावचा रस्ता जवळ त्याला तो जवळ, इतरांना दूर. २०१३ साली विद्यापीठाने तो श्रेय-समवाटप परवान्याखाली मोकळा केला. विकिपीडिया हा सार्वजनिक ज्ञानकोशही २००९ पासून याच जातीच्या परवान्याखाली चालतो. त्यामुळे विश्वकोशातील मजकूर श्रेय देऊन तेथे नेण्याचा मार्ग निर्वेध झाला. कोंकणी विकिपीडिया २०१५ साली स्वतंत्रपणे सुरू झाला. मराठी विकिपीडिया त्याआधी, २००३ पासून, चालू होता. छोट्या भाषेच्या बाबतीत असा निर्णय किती मोलाचा असतो हे निराळे सांगावयास नको. मोठ्या भाषेत एक कोश अडकून पडला तर दुसरा निघतो. छोट्या भाषेत पिढीला एकच निघतो.

विद्यापीठाने अव्यापारी अट घातली नाही, हेही विचारपूर्वक पाहण्यासारखे आहे. म्हणजे उद्या एखादा मुद्रक त्या कोशातील नोंदी निवडून पुस्तक छापील आणि विकील, तर त्याला आडकाठी नाही. हे पुष्कळांस खटकेल. सार्वजनिक पैशाने झालेल्या कामावर खाजगी माणसाने नफा का मिळवावा? उत्तर समवाटपात आहे. त्याने कोशातील मजकुरावर आधारून जे नवे रचले, तेही त्याला त्याच अटीवर मोकळे ठेवावे लागेल. नफा घेता येईल, पण दार लावता येणार नाही. शिवाय छोट्या भाषेत पुस्तक छापणारा माणूस पैशासाठी छापतो की हौसेसाठी, याचा निवाडा करणे कठीणच असते.

येथून दोषांची बाजू सुरू होते. पहिला दोष अव्यापारी या अटीतच आहे. व्यापारी लाभ किंवा आर्थिक मोबदला हे ज्याचे मुख्य उद्दिष्ट नाही तो वापर अव्यापारी, अशी तिची व्याख्या आहे. आता देवस्थानाची स्मरणिका घ्या. तिच्यात सोनाराची, किराणा व्यापाऱ्याची, बँकेची जाहिरात असते; जाहिरातीच्या पैशातून छपाई भागते आणि शिल्लक उरल्यास ती उत्सवाच्या खर्चाला जाते. ही स्मरणिका व्यापारी की अव्यापारी? दोन सुज्ञ माणसे दोन उत्तरे देतील. ज्या अटीचा अर्थ प्रामाणिक माणसालाही निश्चित करता येत नाही, ती अट अप्रामाणिकाला अडवीत नाही. प्रामाणिकाला मात्र घाबरवते. परिणामी, ज्यांच्यासाठी लेखकाने मोकळीक दिली तेच तिचा लाभ घेत नाहीत.

दुसरा दोष, किंवा निदान धोका, असा की हे दान परत घेता येत नाही. लेखक पुढे मजकूर त्या परवान्याखाली देणे थांबवू शकतो. पण ज्यांनी तो आधी घेतला त्यांची मोकळीक अबाधित राहते. अट मोडणाऱ्याचा परवाना आपोआप संपतो, आणि चूक ध्यानात आल्यापासून तीस दिवसांत ती सुधारली तर तो आपोआप पुन्हा चालू होतो. घेणाऱ्याला अशी उसंत आहे. देणाऱ्याला पश्चात्तापाची सोय नाही. याचे समर्थन करता येते, कारण परत घेता येईल अशा मोकळीकीवर कोणी पुस्तक उभारणार नाही. पण ही गोष्ट देणाऱ्याला आधी सांगितली पाहिजे.

तिसरी त्रुटी भाविकाच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याची आहे. परवाना श्रेय जाणतो, पैसा जाणतो, बदल जाणतो. पावित्र्य जाणत नाही. श्रेय परवान्याखाली दिलेले एखादे नवे भक्तिगीत उद्या मसाल्याच्या जाहिरातीत वाजले आणि कोपऱ्यात कवीचे नाव आले, तर परवान्याच्या दृष्टीने सारे यथास्थित झाले. आपल्या कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमाने लेखकाला एक खास हक्क दिला आहे. कृतीची अशी मोडतोड झाली की त्यामुळे आपल्या मानसन्मानाला किंवा लौकिकाला बाध येईल, तर तो तीविरुद्ध दाद मागू शकतो. परवाना या हक्कावर, दिलेली मोकळीक वापरता यावी इतपतच, आग्रह न धरण्याचे कबूल करून घेतो. परंतु ज्याने मोडतोड केली नाही, केवळ अस्थानी वापर केला, त्याला अडविणे दुष्कर आहे. शिवाय परवाना एका कर्त्याला ओळखतो. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या एखादा विधी, एखादी पदांची मालिका आपली म्हणून सांभाळली, त्या गावाला तो ओळखीत नाही. जे वाङ्मय गर्भगृहाच्या उंबरठ्याआतच राहावे अशी समाजाची भावना आहे, त्यासाठी कोणताही मुक्त परवाना योग्य नव्हे. ते न देणे हाही एक निर्णय आहे आणि तो सन्माननीय आहे.

चौथी गोष्ट परवान्याचा दोष नव्हे. तो वापरणाऱ्यांचा आहे. परवाना देण्याचा अधिकार केवळ हक्कदाराला असतो. जुन्या स्मरणिकांतील लेख समितीने मागवून छापले म्हणून समिती त्यांची मालक झाली असे सहसा होत नाही. बाहेरच्या लेखकाने लेखाचा हक्क लेखी दिला नसेल तर तो त्याचाच, आणि त्याच्यामागे वारसांचा. अशा पन्नास वर्षांच्या अंकांवर समितीने मुक्त परवान्याचे चिन्ह उमटविणे म्हणजे शेजाऱ्याच्या झाडाचे नारळ वाटून दानशूर म्हणविणे होय. लेखकाचा किंवा वारसाचा ठावच लागत नसेल तर कायद्याच्या ३१-अ कलमाखाली अर्ज करून परवाना मिळविण्याची तरतूद आहे. मार्ग कष्टाचा आहे, पण आहे.

भजनाच्या ध्वनिमुद्रणात तर हक्कांचे पदर चार-चार असतात. समजा, अभंग तुकारामांचा, चाल मंगेशीचे पं. जितेंद्र अभिषेकी यांची, गायक आजचे आणि मुद्रण एखाद्या कंपनीचे. शब्द सर्वांचे आहेत. अभिषेकी १९९८ साली निवर्तले. चालीवरील हक्क २०५८ च्या अखेरपर्यंत चालेल. गायकाचा प्रयोगावरील हक्क गायनानंतरच्या वर्षारंभापासून पन्नास वर्षे, आणि मुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे. या तीन जिवंत हक्कांपैकी एकाच्याच धन्याने मोकळीक दिली तर उरलेल्या दोघांची कुलपे तशीच राहतात. मूर्तीच्या छायाचित्राचेही असेच आहे : मूर्ती प्राचीन असली तरी छायाचित्र छायाचित्रकाराचे.

हे वाचून उत्सवाच्या उत्साही कार्यकर्त्याने हात गाळू नयेत. पुष्कळ ठिकाणी परवान्याची गरजच नसते, कारण कायद्यानेच सवलत दिलेली आहे. प्रामाणिक धार्मिक विधीच्या ओघात वाङ्मयाचे वा संगीताचे सादरीकरण झाले, किंवा ध्वनिमुद्रण ऐकविले, तर त्याने हक्कभंग होत नाही, असे बावन्नावे कलम सांगते. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता, अथवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी, केलेला नाट्यप्रयोग हाही हक्कभंग नव्हे. जत्रेच्या रात्री सभामंडपापुढे होणाऱ्या आपल्या नाटकांना ही सवलत जणू मोजून बेतली आहे! मात्र सोहळा संपल्यावर त्याचे चित्रमुद्रण जाळ्यावर कायमचे ठेवणे, किंवा ते नाटक पुस्तकरूपाने छापणे, हेही त्याच सवलतीत सामावते असे गृहीत धरू नये. तेथे लेखकाची मोकळीक लागतेच, आणि तेथेच मुक्त परवान्याचे खरे काम आहे.

ही मोकळीक देणे आता कायद्यानेही सुलभ केले आहे. पूर्वी परवाना हक्कदाराच्या सहीनिशी लेखी असावा लागे; २०१२ च्या दुरुस्तीने सहीची अट काढली आणि लेखी असणे पुरेसे ठरविले. हक्क अजिबात सोडून द्यावयाचा असल्यास निबंधकाला कळविण्याबरोबरच जाहीर सूचनेचा मार्गही त्याच दुरुस्तीने खुला केला. तेव्हा नवी स्मरणिका काढताना लेख मागविण्याच्या पत्रातच दोन ओळी घालणे कठीण नाही : लेखाचा हक्क लेखकाचाच राहील, तो अमुक परवान्याखाली प्रसृत करण्यास लेखकाची संमती आहे अथवा नाही. लेखक ‘नाही’ म्हणाला तरी लेख छापावा. जुन्या अंकांच्या बाबतीत एकेका लेखकाचे घर गाठावे, वारसांची लेखी संमती घ्यावी, आणि जेवढ्यांची मिळाली तेवढ्याच पानांवर परवान्याचे नाव, आवृत्तीच्या आकड्यासह, स्वच्छ मराठीत छापावे. केवळ चिन्हावर भागवू नये.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. ‘देवाचे काम आहे’ या शब्दांखाली लेखक, गायक, चित्रकार यांच्याकडून विनामोबदला काम करून घेण्याची सवय आपल्या संस्थांना जडली आहे. मंडपवाल्याला, वीजवाल्याला आणि मुद्रकाला पैसे मिळतात. नाटककाराला श्रीफळ मिळते. या सवयीला मुक्त परवान्याचे आधुनिक नाव मिळाले तर ते दुर्दैव होईल. परवान्याचे सारे नैतिक बळ देणाऱ्याच्या इच्छेत आहे. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती त्याचे ‘होय’ हे दान नव्हे. जी समिती लेखकाला मानधन देते आणि मग त्याच्यापाशी मोकळीक मागते, तिलाच ती मागण्याचा अधिकार पोचतो.

एकंदरीत पाहता, मुक्त परवाना हा एक चांगला, पण अपुरा दस्तऐवज आहे. त्याच्या अव्यापारी अटीत संदिग्धता आहे, सामूहिक वारशाला त्यात जागा नाही, आणि श्रद्धेचे रक्षण तो करीत नाही. ते काम त्याच्यावर सोपविणेही योग्य नव्हे. तरीही कर्त्याचे नाव राखून, केलेला बदल उघड करून, कृती दूरच्या माणसाच्या हाती जाऊ देण्याची इतकी सुटसुटीत रीत आपल्यापाशी दुसरी नाही. कोश, व्याकरण, क्षेत्रांचा इतिहास, मुद्दाम लिहून घेतलेल्या आरत्या आणि नाट्यसंहिता यांसाठी श्रेय-समवाटप हा परवाना मला सर्वांत इष्ट वाटतो. व्यक्तिगत कविता आणि ललित लेखन यांविषयी निर्णय लेखकाने एकट्याने, सावकाश आणि मसुदा वाचून करावा. गोवा विद्यापीठाने आपल्या कोशाच्या बाबतीत २०१३ साली जे धैर्य दाखविले, ते आपल्या देवस्थानांनी आपल्या संग्रहांच्या बाबतीत दाखवावे. मात्र आधी कपाट उघडावे, कोणते पान कोणाचे याची यादी करावी, आणि ज्याचे पान त्याला विचारावे. उत्सवाच्या हिशेबवहीत पैचा मेळ घालणाऱ्या आपल्या खजिनदारांना ही यादी अवघड वाटू नये.